गडवाभर पाणी

६ मे २००७, रविवार. अकोला

आज मामाजी आले, आणि नेहमीप्रमाणे आमच्या ओट्यावर बसून समोरच्या टपरीवरचा चहा पिऊन गेले.

मामाजी म्हणजे माझे सासरे, सूर्यभानजी. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला त्यांची शेती. बाळापूरला कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते, वाटेत लेकीला भेटायला जठारपेठेत थांबले. बोलले, हसले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. पण पाणी प्यायले ते खांद्यावरच्या कापडी छागलीतलं, स्वतःच्या विहिरीचं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा जुना रिवाज आहे. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षं हा माणूस माझ्या दारातून कोरडा परत जातो.

शकुन तरी दरवेळी पितळेचा गडवा भरून आणते आणि त्यांच्यापुढे ठेवते. ते गेले की ते पाणी तुळशीत ओतते. आजही तेच. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामाजी, आता दिवस बदलले. कोणी पाळत नाही हे."

तर हसून म्हणाले, "पिऊ ना मास्तर, घाई काय हाय? तुमच्या घरचं पानी मी नातवाले मांडीवर घेऊनच पिईन."

इतकी वर्षं हेच एक उत्तर. पसंत नाही तर तसं सांगा ना सरळ. त्यांना तलाठी जावई हवा होता आणि मिळाला भूगोलाचा मास्तर, हे मला लग्नातच कळलं होतं.

९ मे, बुधवार

गुहागरहून श्यामचा फोन. श्याम म्हणजे माझा साडू, शकुनच्या धाकट्या बहिणीचा, पौर्णिमाचा नवरा. बांधकाम खात्यात इंजिनिअर आहे. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच फेब्रुवारीत मुलगा झाला. आता म्हणतो, यंदा उन्हाळ्यातच धोंड्याचा महिना आला आहे, तर सगळ्यांनी गुहागरलाच या, समुद्र बघा, बाळ बघा, जावयांचं वाणही इथेच होऊन जाऊ द्या.

आता वाण सासऱ्यानं जावयाला द्यायचं असतं, आणि ते सासुरवाडीत. नवरदेवानंच आपल्या वरातीसाठी घोडं धाडावं, तसला हा प्रकार. मी शकुनला म्हटलं, मामाजी काही जायचे नाहीत, उन्हाळवाहीच्या दिवसांत ते शेत सोडत नाहीत.

संध्याकाळी सासूबाईंचा, म्हणजे मामींचा, फोन आला. मामाजी तयार झाले आहेत! सासूबाईंनीच त्यांना गळ घातली. डोमाजी गेल्यापासून त्यांचं मन ठिकाणावर नाही. डोमाजी त्यांच्या धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून असलेला शेजारी, लहानपणचा जोडीदार. दिवाळीनंतर त्यानं फवारणीचं औषध घेतलं. तेव्हापासून मामाजी दिवसदिवसभर धुऱ्यावर नुसते बसून असतात. "चार दिस त्या समुद्राचा वारा लागू दे त्यायले," असं सासूबाई म्हणाल्या.

हे सगळं मला कळतं. पण वारा काय फक्त श्यामच्याच घरी वाहतो? मग आठवलं, आमच्याकडे आणलं तरी ते राहणार कसे.

१४ मे, सोमवार

मुलासाठी जिची औषधं चालू आहेत त्या डॉक्टरीणबाईकडे शकुन जाऊन आली. मला बारावीचे पेपर परत पाठवायचे होते म्हणून शेजारच्या अनवरी भाभींना सोबत घेऊन गेली. आल्यावर विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाली, "आता औषधाचं काम नाई म्हने." चला, एक बरं झालं. ती औषधं, त्या तपासण्या, सुटलो एकदाचे. मी तसं म्हटलंही. ती "हो" म्हणाली आणि गहू निवडायला बसली.

गुहागरला जायचं म्हणून तिच्यात काही उत्साह दिसत नाही. खरं तर जळायला मी एकटाच पुरेसा आहे.

२६ मे, शनिवार. महाराष्ट्र एक्सप्रेस

मामाजी आणि मामी बडनेऱ्याला चढले, आम्ही अकोल्याला. मामींसोबत अनारशांचा डबा, वाणाचं सामान आणि ज्वारीच्या बिबड्यांचं, आमच्याकडच्या पापडांचं, हे मोठं गाठोडं. मामाजींच्या खांद्याला छागल.

भुसावळ यायच्या आतच छागल संपली. उन्हानं गाडीचा डबा नुसता तापला होता. मी बाटली पुढे केली. "घरची हाय का?" त्यांनी विचारलं. शकुननं भरली होती, खोटं कसं बोलणार? हो म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि भुसावळला उतरून फलाटावरच्या नळाखाली छागल धरली. म्हणजे रेल्वेच्या नळाचं चालतं! ज्या नळावर अख्खा हिंदुस्थान तोंड धुतो त्याचं चालतं, माझं चालत नाही.

शकुन खिडकीबाहेर बघत होती.

२७ मे, रविवार. गुहागर

लिहू नये म्हणतो, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

पुण्याहून एसटीनं इथवर येता येता हाडं खिळखिळी झाली. श्यामचं घर कौलारू, पुढे अंगण, मागे माड. मामाजींनी दारात पाय धुतले, छागल खांद्यावरून काढली, खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "पौर्णिमा, पानी आन व माय."

इतकं सोपं! पौर्णिमानं स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. मामाजी प्यायले. वर आणखी मागितलं. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि मी ती बघत उभा होतो. मग बाळाला मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं हसले. डोमाजी गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मामाजींच्या हातातला रिकामा पेला शकुननंच घेतला आणि आत नेऊन विसळून ठेवला. बापानं धाकटीकडे पाणी प्यायलं, तर तिला काहीच वाटत नाही. पोटात दुखतं ते माझ्याच.

२८ मे, सोमवार

समुद्र पाहिला. वीस वर्षं मी पोरांना समुद्र शिकवतो, फळ्यावर निळ्या खडूनं काढतो. आज प्रत्यक्ष पाहिला. मोठा आहे.

मनात होतं की मामाजींना किनाऱ्याची रचना नीट समजावून सांगावी. बोटही वर केलं होतं. पण श्याम मधेच घुसला. तो मचवा, तो तिकडे दीपस्तंभ, हे सुरूचं बन, त्याची टकळी थांबेना. मामाजींच्या डोक्यावर त्यानं स्वतःची हॅट चढवली. धोतर आणि हॅट! आणि ते चक्क घालून फिरले. श्याम त्यांना "पप्पा" म्हणतो, आणि ते त्याला "श्याम बेटा". मी मात्र पहिल्या दिवसापासून मास्तर तो मास्तरच.

मामाजी बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "एवढं पानी, मास्तर, अन् एक वाफा भिजवाच्या कामाचं नाई." हे ते मला म्हणाले, श्यामला नाही. एवढं तरी बरं.

मामींनी आणलेल्या बिबड्या इथल्या हवेत एका दिवसात सादळल्या. आमच्याकडे वर्षभर कडकडीत राहतात. श्याम तरीही "मस्त, मस्त" करत चामड्यासारख्या चघळत होता. लबाड कुठला.

२९ मे, मंगळवार

आज एक गोष्ट दिसली आणि डोकं फिरलं. पौर्णिमाचं बाळ ज्या दुपट्यात निजतं, त्याचे काठ जांभळे आहेत. ते काठ मी विसरणार नाही. शकुन लग्न होऊन माझ्या घरात आली ती त्याच काठांच्या साडीत. मामींनी त्या साडीचं दुपटं शिवून आपल्या पेटीत ठेवलं होतं, आमच्याकडे पाळणा हलेल तेव्हासाठी. मला माहीत होतं. आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही, पण ते पेटीत आहे हे मला माहीत होतं.

दुपारी शकुनला बाजूला घेतलं. म्हटलं, "हे कसं चालतं? तुझ्या आईनं आपलं दुपटं त्यांना देऊन टाकलं!"

"आईनं नाई, मीच सांगतलं तिले," ती म्हणाली. "पडून पडून कसर लागली असती."

"पण आपलं होतं ते."

"हो."

ही बाई अशीच. आपलं म्हणून काही धरून ठेवायची अक्कल नाही. दुसऱ्यांना वाटत सुटते. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

३० मे, बुधवार

आज धोंडा झाला. पहिला पाट माझा होता. मोठा जावई म्हणून मामींनी मला आधी ओवाळलं, ताम्हनात दिवा आणि अनारसे घालून वाण दिलं. श्यामचा नंबर नंतर. मी जरा जास्तच वेळ पाटावर बसून राहिलो, हे कबूल करतो. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ले. जीव निवला.

पण सुख म्हणून मिळायचं नाही. मामाजी बाळाला मांडीवर घेऊन जेवायला बसले, आणि बाळानं त्यांचं नवं कोरं धोतर ओलं केलं. झालं! जो तो हसतोय, मामाजी तर तीर्थ अंगावर पडल्यासारखे खूश. माझ्या हातून एकदा नांदगावला त्यांच्या टोपीवर चहा सांडला होता, तर ते आजतागायत माझ्या हातात कप बघितला की टोपी काढून ठेवतात.

शकुन सगळ्यांना वाढत होती. मामाजी तिला म्हणाले, "शकू, पुढचा धोंडा तुमच्याकडं, बरं का. मी मांडीवर याचा भाऊ घेऊन बसतो." सगळे हसले. शकुन आमटी आणायला म्हणून आत गेली आणि मग पौर्णिमाच आमटी घेऊन आली.

३१ मे, गुरुवार

आज माझी जी शोभा झाली ती कुणाला सांगण्यासारखी नाही. पण ही वही कुणी वाचणार नाही.

सकाळी सगळे किनाऱ्यावर गेलो. समुद्र पार लांब गेलेला, ओली रेती आरशासारखी. शकुन मामाजींना म्हणाली, "बाबा, पान्यात चालता का जरासं माह्यासंगं?" मामाजींनी वहाणा काढल्या आणि मला म्हणाले, "मास्तर, लक्ष ठेवजा बरं." त्या वहाणा नांदगावच्या नत्थुजींनी त्यांच्या पायाचं माप घेऊन केलेल्या. वापरून वापरून अगदी मऊ झालेल्या. मी त्या उचलून पाण्याजवळच्या सपाट रेतीवर नीट जोडून ठेवल्या, म्हणजे आल्याबरोबर त्यांना घालता येतील. श्यामला असं सुचलं नसतं.

मग मी सुरूच्या सावलीत बसलो. बापलेक गुडघाभर पाण्यात उभे होते. शकुन बोलत होती. ती इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं. घरी तर विचारलं तेवढंच उत्तर. मामाजी मान खाली घालून ऐकत होते. मधेच त्यांनी तिला काही विचारलं आणि तिनं मान हलवली. मग दोघंही तसेच उभे राहिले. मला वाटलं, माझ्याच तक्रारी सांगत असणार, दुपट्यावरून भांडलो त्या. नाहीतर श्यामचं कौतुक. त्या दोघांत मी कुठेच नव्हतो आणि ते मला सहन होईना. श्याम बाजूला बसून बाळाला शिंपले दाखवत होता, त्याचंही कौतुक बघवेना. मी तोंड फिरवून बसलो.

ते दोघं परत आले, तेव्हा मी वहाणा घ्यायला उठलो. रेती नव्हतीच. जिथे रेती होती तिथे पाणी होतं, पोटरीएवढं. वहाणा गेल्या.

आज पौर्णिमेची तिथी. पौर्णिमेला उधाणाची भरती येते. नववीच्या पोरांकडून दरवर्षी आकृती काढून घेतो मी, सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत. जो चुकतो त्याला बाकावर उभं करतो. आमच्या वऱ्हाडातलं पाणी ठेवलेल्या जागी राहतं हो! तळं काय, धरण काय, सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. हे फिरून येतं हे डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं.

श्याम हसला नाही, हे सगळ्यांत वाईट. मामाजी पाण्याकडे बघत राहिले आणि तसेच अनवाणी घरी आले. दुपारी जेवले नाहीत. बाळ मांडीवर दिलं तर घेतलं, पण हसले नाहीत. मामींनी विचारलं, "काहून हो?" तर म्हणाले, "काई नाई."

वहाणांचं एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१ जून, शुक्रवार

सकाळीच बाजारात जाऊन मामाजींसाठी कोल्हापुरी वहाणा घेऊन आलो, त्यातल्या सगळ्यांत चांगल्या. ते मागच्या अंगणात माडाखाली एकटे बसले होते. पायापाशी ठेवल्या. म्हटलं, "मामाजी, चुकलं माझं."

त्यांनी वर बघितलं. डोळे लाल होते. "कायचं चुकलं, मास्तर? वहाना येतात अन् जातात." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नात माझ्या हातात लेकीचा हात दिल्यानंतर त्यांनी मला हात लावल्याचं आठवत नाही. "माह्यी पोरगी तुमच्या घरी हाय, मी आतापर्यंत उगाच..." एवढं म्हणून वहाणांकडे बघितलं. मग म्हणाले, "तिले कधी बोल लावला नाई तुमी. चांगले मानूस हाय तुमी."

कोल्हापुरी घेतल्या ते बरं केलं. साध्या घेतल्या असत्या तर एवढं बोलले नसते. श्याम खिडकीतून बघत होता. बघू दे.

३ जून, रविवार. अकोला

मामाजी-मामींचं तिकीट बडनेऱ्याचं होतं. अकोला आलं, आम्ही सामान उतरवलं, तर मागून मामाजीही उतरले. मामी दारातून ओरडल्या, "अहो, आपलं नाई हे!" ते म्हणाले, "उतर तू बी. जाऊ सायंकाळच्या गाडीनं."

ऑटोनं घरी आलो. मी ओट्यावर खुर्ची टाकायला निघालो, पण मामाजी थेट आत आले. छागल काढून दाराच्या खिळ्याला अडकवली आणि पंख्याखाली बसले. शकुननं सवयीनं गडवा भरून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. परत जायला वळली.

मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गडव्याकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. एका दमात सगळा प्यायले. मिशांवरून पाणी छातीवर ओघळत होतं, तरी थांबले नाहीत.

"गोड हाय व माय, तुमचं पानी," म्हणाले.

मामी उंबऱ्यातच थबकल्या होत्या, पदर तोंडाशी. "पेले तुमी?"

"पेलो."

"मंग आता?"

"आता काई नाई. तू बी पे." मग शकुनला म्हणाले, "भाकर टाक दोन. बेसन कर. लेकीच्या हातचं खाऊन जातो आज."

शकुननं भाकरी टाकल्या. मामाजी जेवले, आणखी बेसन मागून जेवले. मामीही जेवल्या, खाली मान घालून. काय सांगू माझी अवस्था! माझ्या घरात, माझ्या ताटात सासरा जेवत होता आणि मी पंखा असूनही हातानं वारा घालत होतो. वाटलं, जठारपेठेतली सगळी दारं ठोठावावीत. श्यामकडे प्यायले त्याला पोराची लाच होती. माझ्याकडे प्यायले ते नुसत्या माझ्यासाठी. नातू लागला नाही, काही लागलं नाही.

संध्याकाळी त्यांना गाडीत बसवून आलो. छागल इथेच खिळ्याला राहिली. विसरले म्हणायचे, की ठेवून गेले?

घरात आलो तर शकुन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती आणि रडत होती. हुंदके देऊन नाही, नुसतं पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "अगं वेडे, आज रडतात होय? सोळा वर्षांनी प्यायले ते! आपण जिंकलो."

"हो," ती म्हणाली.

एरवी ते गेले की ती गडवा तुळशीत ओतायला उठते. आज त्यात ओतायला काही नव्हतं. रिकामा गडवा तिनं मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी धरून. दे, ठेवून देतो म्हटलं, तर दिला नाही.

आनंदानं माणूस एवढं रडतं, हे मला माहीत नव्हतं. श्यामला सांगावं म्हणून उठलो, फोन उचलला, नंबरही फिरवला. पलीकडून बाळाचा आवाज आला, तसा ठेवून दिला. का ठेवला, ते नीट सांगता येत नाही.